गारव्याची तालीम

अलका चौकातल्या सिग्नलला गाडीनं आनंदीच्या तोंडावर गरम श्वास सोडला. आधी तिला वाटलं, बाहेरचंच ऊन कुठल्या तरी फटीतून आत घुसलं असेल, कारण एप्रिलातलं पुण्याचं ऊन म्हणजे काही साधं ऊन नव्हे. त्या आठवड्यात टिळक रोडवर एकानं हातातलं अंडं खिशात ठेवलं आणि घरी जाऊन सोललं, असं लोक सांगत होते आणि ऐकणारे मान डोलवत होते. तिनं समोरच्या जाळीपुढे तळहात धरला. बटाटे उकडून कुकरचं झाकण काढावं तसा ओलसर, उबट वाफारा हाताला लागला. तिनं एसीचं बटण बंद केलं, पुन्हा लावलं, पंखा चारवर नेला. वाफारा चारपट झाला. डाव्या बाजूची सीट रिकामी होती आणि त्या रिकाम्या सीटकडे बघून ती मघापासून बोलत होती, ते तिचं बोलणं अर्ध्यातच अडकलं. "वहिनी, गार वाटतंय ना?" एवढंच म्हणून झालं होतं. पुढचं वाक्य गरम हवेत म्हणण्यासारखं नव्हतंच. ते गारव्यातच म्हणायचं वाक्य होतं.

ती कुठे निघाली नव्हती. तालीम चालली होती. दोन रविवार सोडून पुढच्या रविवारी भर दुपारी तिला थोरल्या जावेला, द्वारकेला, गाडीत घालून कोथरूडला न्यायचं होतं. द्वारकेच्या नातीचं, स्पृहाचं, डोहाळजेवण होतं. द्वारकेनं स्वतः फोन केला होता. दोघी एकाच इमारतीत, द्वारका पहिल्या मजल्यावर आणि आनंदी तिसऱ्यावर, पण बोलणं फोनवरच; तेसुद्धा वर्षात गौरी-गणपतीला आणि कुणी गेलं तर. "अगं आनंदी, तुझी गाडी आहे ना आता," द्वारका म्हणाली, जणू गाडी म्हणजे पडसं होतं आणि ते आनंदीला नुकतंच झालं होतं. "माझे गुडघे रिक्षात चढू देत नाहीत. एसी चालतो ना पण? मला ऊन सोसत नाही." आनंदीनं "चालतो की" म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन गार पाण्याचा अख्खा तांब्या घटाघटा प्यायली. इतकी वर्षं ती ज्या क्षणाच्या मागं होती तो क्षण असा आपल्या पायांनी, गुडघे दुखत असताना, जिना चढून वर आला होता. मला ऊन सोसत नाही! सदाशिव पेठेत शब्द जपून वापरतात असं म्हणतात, पण द्वारकेला आपण हे चार शब्द कुणाच्या घरी टाकतोय याचा पत्ता नव्हता.

कारण तिच्या नवऱ्यालाही, गोपाळकृष्णालाही, सोसत नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वीचा मे महिना होता, तो जेवून उठला आणि हात धुता धुता बेसिन धरून खाली बसला. आनंदी पळत पहिल्या मजल्यावर गेली. खाली द्वारकेची नवी कोरी पांढरी गाडी उभी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, पुढच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक ओलं म्हणावं इतकं ताजं होतं. भावजी गावाला गेलेले. पण शेजारचा आमोद जिन्यात उभाच होता, "काकू, मी चालवतो, चावी द्या फक्त," म्हणत होता. द्वारका जिना चढून उघड्या दारातून एकदा बघून आली आणि आत गेली. कपाटाची दारं वाजली, ड्रॉवर वाजले, एक डबाही वाजला. चावी डब्यात कोण ठेवतं हे आनंदीला त्या वेळी सुचलं नाही, नंतर रोज रात्री सुचलं. मग द्वारका दारात येऊन म्हणाली, "चावी सापडत नाहीये गं." तेवढंच. मग रिक्षा. ह्याच चौकात, ह्याच सिग्नलला रिक्षा अडकली, पुढं कसली तरी मोटारसायकलींची रांग निघाली होती, आणि तीन वेळा दिवा हिरवा होऊन तीन वेळा लाल झाला. गोपाळकृष्णाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती जुन्या रिपोर्टांच्या फायलीनं त्याला वारा घालत होती, आणि तो वारा भट्टीच्या तोंडाशी सूप हलवावं तसा येत होता. त्यानं डोळे न उघडता एकदाच म्हटलं, "काच लाव गं, ऊन येतंय." रिक्षाला कसली काच? त्याला वाटत होतं आपण गाडीत आहोत. त्याला वाटत होतं द्वारकेनं चावी दिली.

आनंदीनं रडून घेतलं ते दहाव्यापर्यंत. अकराव्या दिवशी तिनं ड्रायव्हिंगच्या क्लासची चौकशी केली. लोकांना वाटलं बाई सावरली. मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तिनं सगळी नोकरी काढली होती, काचेच्या नळ्या धुतल्या होत्या, तारा जोडून दिवे लावून दाखवले होते. तिला क्लच आणि गिअर काय जड जाणार? शिकवणारा मुलगा सांगायचा की मावशींनी पहिल्याच दिवशी शनिपाराच्या बोळातून गाडी अशी काढली की दोन्ही बाजूंच्या भिंती आत सरकल्या. निवृत्तीचा पैसा आला तशी तिनं गाडी घेतली, आणि शोरूममधल्या पोरानं मायलेज, एअरबॅग, रंग सगळं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "गार किती होते?" घरी मग ते वाक्य घडवायला बसली. आधी ते वाक्य पानभर होतं. त्यात डबा होता, ड्रॉवर होते, आमोद होता, देव होता. मग रोज एकेक शब्द गळत गेला. पुण्यात दारावर पाटी लावायची तर जेवढे शब्द कमी तेवढा माणूस जास्त जळतो, हे तिला माहीत होतं. शेवटी उरलं ते असं: "वहिनी, गार वाटतंय ना? ह्यांनाही वाटलं असतं." एवढंच. अलका चौकात, सिग्नल लाल असताना, काचा बंद, पंखा चारवर. मग पूल ओलांडून डोहाळजेवणाला जायचं आणि द्वारकेनं सगळ्या बायकांत बसून हिरव्या साडीतल्या नातीची ओटी भरायची, ते वाक्य घशात घेऊन. आनंदी तिकडे पोटभर जेवणार होती.

आणि आता गाडीच वाफारे टाकत होती.

मार्केट यार्डाच्या अलीकडे पोपटचं गॅरेज होतं, तो गाड्यांचे एसी सोडून दुसरं काही करत नसे. पोपट हा बोलका माणूस. गाडी फाटकातून आत यायच्या आधीच तो निदान सांगायचा आणि ते बहुतेक चुकायचं, पण इतक्या खात्रीनं चुकायचं की गिऱ्हाईकाला आपल्याच गाडीची शरम वाटावी. "काकू, आवाजावरनं सांगतो, पायपाची रिंग गेली. गॅस हळूहळू उडाला. ह्या कानानं मी कात्रजला गॅस गळाला तर इथं ऐकलेला आहे." त्यानं साबणाचं पाणी सांध्यांवर फासलं. एका सांध्याशी एक बुडबुडा आल्यासारखा वाटला, आनंदीला तो साधा फेसच वाटला, पण पोपटला बुडबुडा हवा होता म्हणून तो बुडबुडा ठरला. रबराची रिंग बदलली, पंप लावून आतली हवा ओढून काढली, गॅस भरला. आनंदी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होती. समोर भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं, बाबासाहेबांचा फोटो होता, आणि पंख्याच्या वाऱ्यानं दोघांच्याही हारांतली फुलं एका लयीत हलत होती. पोपट गाडीच्या पुढच्या बाजूला काम करताना वाकडा होऊन करायचा, पुढच्या जाळीत तिनं टांगलेल्या लिंबू-मिरचीला अंग न लावता, पाहुण्यांकडं गेल्यावर झोपलेल्या माणसाच्या पायांवरून जावं तसा. तिनं ते पाहिलं आणि मनात म्हटलं, नीट वागतो बिचारा. मग ती गाडीत बसली, आतल्या जाळीतून गार वारा आला तेव्हा तिनं डोळे मिटले. डाव्या सीटवर द्वारका बसलेली तिला स्पष्ट दिसली.

आठवडाही झाला नाही, पुन्हा गरम. ह्या वेळी तिला नवल वाटलं नाही. तिला कारण माहीत होतं. गाडी आणली त्या दिवसापासून द्वारका पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसत होती आणि गाडीकडे बघत होती, भाजी निवडता निवडता, आणि द्वारकेचं बघणं म्हणजे काय हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं एकदा नुसतं "छान विरजलंय हं" म्हटलं तर शेजारणीचं दही पुन्हा दूध झालं होतं. मंदाकिनीकाकूंच्या नव्या फ्रीजकडे तिनं दारातूनच पाहिलं, तर आतल्या बर्फानं घाबरून दार उघडलं आणि जिन्यावरून वाहत खाली गेला. आनंदी शास्त्राच्या प्रयोगशाळेतली बाई. नजर वगैरे ती मानत नव्हती. फक्त द्वारकेची मानत होती. म्हणून दर शनिवारी, कोपऱ्यावरच्या बाईकडून लिंबू, मिरच्या आणि काळा बिब्बा घेऊन ती स्वतः ओवायची. आयतं ओवलेलं घ्यायची नाही, कारण ते दोऱ्यात असायचं आणि दोऱ्यातलं लिंबू रस्त्यातली पोरं ओढून नेतात. तिच्याकडे शाळेतून निवृत्त होताना आणलेली जाड तार होती, वेटोळंच्या वेटोळं. त्या तारेत ओवायचं, टोकाला आकडा करायचा आणि पुढच्या जाळीतून आत घालायचा, नीट अडकेपर्यंत. गॅलरीतून द्वारका बघत असली की आनंदी आणखी थोडा आत ढकलायची. बघ. घे बघून. तारेचं टोक आत कशाला तरी टेकायचं, तेव्हा तिच्या बोटांना एक बारीक समाधान व्हायचं, जणू ते टोक पहिल्या मजल्यापर्यंत पोचलं.

तिच्या मनात आता दिवस लागोपाठ येत नव्हते, सगळे त्या एका दुपारच्या भोवती ताटकळत उभे होते. ती भाजी चिरायला बसली की सिग्नल लाल व्हायचा. नळाखाली हात धरला की बेसिनला धरून कुणीतरी खाली बसायचं. कधी तिला वाटायचं, गाडीतून जे निसटतंय ते गॅस नव्हेच. इतकी वर्षं दाबून भरलेलं तिचंच काहीतरी कुठल्या तरी न दिसणाऱ्या भोकातून निसटतंय, आणि रविवारपर्यंत पुरलं नाही तर? मग द्वारका शेजारी बसेल, घाम पुसत म्हणेल, "एसी चालतो म्हणाली होतीस," आणि जिंकेल. दर वेळी जिंकते तशी. लग्न होऊन आल्या दिवशी पुरणपोळी फुटली तेव्हा जिंकली होती, "असू दे, तुला काय कळतंय," म्हणून. तिचं ते 'असू दे' आनंदीच्या अंगावर अजून कुठंतरी होतं, जुन्या भाजल्याच्या डागासारखं, पाणी लागलं की कळणारं.

"गळतीच नाही म्हणजे काय?" ती पोपटला म्हणाली. "गॅस काय चालत गेला?"

"काकू, मी म्हणलं रिंग, तर रिंग होतीच. आता रिंगेच्या मागं आणखी कोण असंल तर मी काय करू? गळती बाईमाणसासारखी असती, तुम्ही शोधायला लागलं की गप बसती."

"बाईमाणूस गप बसतं ते तुम्हाला वाटतं."

पोपट हसला. मग त्यानं ह्या वेळी गॅसबरोबर एक हिरवट रंग आत सोडला. गाडी चार दिवस चालवा म्हणाला, एसी लावून. गॅस जिथनं बाहेर पडेल तिथं रंगही पडेल, साध्या डोळ्याला दिसणार नाही, पण त्याच्या जांभळ्या बॅटरीखाली असा पेटेल की विमानातून बघावा. "येरवड्याच्या एका साहेबाची गाडी होती, तिचा रंग इतका पेटला, इतका पेटला, की गल्लीत लोक दिवाळी समजून फराळ घेऊन आले." आनंदीनं हे ऐकून घेतलं; थापेची किंमत थाप मारणाऱ्यापेक्षा तिलाच जास्त कळत होती. तिनं चार दिवस गाडी चालवली. रोज दुपारी, अलका चौकातून, पुलावरून पलीकडे आणि परत. रिकाम्या सीटला वाक्य म्हणून दाखवत. गारवा रोज थोडा थोडा कमी होत होता, दुखणं अंगात मुरत जावं तसा, आणि वाक्य मात्र रोज जास्त धारदार.

चौथ्या दिवशी पोपटनं गाडीवर ताडपत्री टाकली, आत अंधार केला, आणि दोघं बॉनेट उघडून वाकले. बाहेर दुपार होती, कांद्याच्या पोत्यांचा टेम्पो हॉर्न मारत होता; ताडपत्रीखाली मात्र गुहेसारखं, रबराचा आणि तेलाचा वास. पोपटनं बॅटरी सांध्यांवरून फिरवली. पायपांवरून फिरवली. कॉम्प्रेसरवरून. काही नाही. "बघितलं? सगळं ठणठणीत. मी सांगतो, हिचा सेन्सरच..." आनंदी ऐकत नव्हती. तिला पुढच्या बाजूला, जाळीच्या पलीकडे, काहीतरी दिसलं होतं. अंधारात एक लिंबू लोंबत होतं, हिरवं, जिवंत, काजव्यांचा गोळा करून टांगल्यासारखं. त्याच्या वर तार होती, तीही हिरवी, टोकापर्यंत. मिरच्यांवर हिरवे थेंब. आणि तार जिथं आत जात होती तिथं, गाडीच्या छातीवर, एक हिरवी जखम होती, वाहून खाली ओघळलेली.

"पोपटराव," ती म्हणाली, "बॅटरी इकडं."

पोपटनं वाकून पाहिलं. मग त्यानं बोटानं दाखवलं. जाळीच्या मागं कंडेन्सर, गॅस ज्यातून फिरतो तो, बारीक पत्र्यांचा, नाजूक. गाडी हलते तशी तार हलते, टोक तिथंच घासतं. रोज थोडं थोडं. शनिवारी शनिवारी नवं टोक.

"पण पहिल्याच वेळी दिसलं असतं की हे," आनंदी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आला. "तुम्ही इथं साबण लावलाच नाहीत."

"कसा लावू काकू? त्याला हात नाही लावत आम्ही. मागं एकाचं काढून बाजूला ठेवलं होतं, गाडी पुसायला, तर तो म्हणला, तुम्ही आमच्या लिंबाला हात का लावला, अन् पुढचं काय काय म्हणला. तवापासनं गॅरेजचा नियम. गिऱ्हाईकाचं लिंबू, गिऱ्हाईकाचा नारळ, आपण वाकडं होऊन काम करायचं." तो जरा थांबला. "मी तर ह्यातलं काही मानत नाही. पण तुम्ही मानता, म्हणून मी जपलं."

मी कुठं मानते, असं तिच्या तोंडावर आलं होतं. ताडपत्रीखाली ते लिंबू हिरवं हसत लोंबत होतं. तिला एकाएकी प्रयोगशाळेतली ती दुपार आठवली, एका पोरीनं वीज नसलेल्या बोर्डाला तार लावून ठेवली होती आणि दिवा लागत नाही म्हणून रडत होती, आणि आनंदीनं तिला म्हटलं होतं, आधी बघ बाळ, तू काय कुठं जोडलंयस. इतक्या वर्षांत ते तिला कुणी उलट म्हटलं नव्हतं. आता एक लिंबू म्हणत होतं.

कंडेन्सर नवा बसला. पोपटनं तार वेटोळं करून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "लटकवायचंच असंल तर दोऱ्यानं लटकवा, बाहेरनं." गाडी इतकी गार झाली की घरी येईतो आनंदीचा चष्मा दोनदा धुकटला आणि एका पोस्टमननं काचेला नाक लावून आत हिमालय बघितला. शनिवारी ती कोपऱ्यावरच्या बाईकडे गेली नाही. जिन्यापर्यंत येऊन पुन्हा गेली. पांढऱ्या दोऱ्यातलं आयतं लिंबू घेतलं आणि बंपरला बाहेरून बांधलं, हलकं, कशालाही न टेकणारं. वर बघितलं नाही. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

रविवारी द्वारका खाली आली, जरीची साडी, मांडीवर ठेवायला ओटीची पिशवी, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला मोगऱ्याचा गजरा. गुडघ्यांमुळे तिला गाडीत बसायला एक युग लागलं. आनंदीनं दार धरलं, पट्टा लावून दिला, पट्टा लावताना तिला द्वारकेच्या मानेचा वास आला, तोच जुना, वेखंड आणि साबणाचा, आणि ती मान आता इतकी बारीक झाली होती की एका मुठीत येईल. तिनं दार लावलं. पंखा चारवर.

"कित्ती गार गं," द्वारका टिळक रोडला म्हणाली. आनंदीनं गिअर बदलला. अजून नाही. अजून चौक यायचाय. "शाल आणायला हवी होती," द्वारका म्हणाली. "पण छान. छान ठेवलीयेस गाडी."

चौक आला. सिग्नल पिवळा होता, निघून जाता आलं असतं. आनंदीनं गाडी थांबवली. लाल. उजवीकडे बस घरघरत होती, ऊन बॉनेटवरून डोळ्यांत येत होतं, आत मोगरा आणि थंडी. तिनं समोर बघत म्हटलं, जसं ती रोज म्हणत होती तसंच, एकही शब्द जास्त न घालता:

"वहिनी, गार वाटतंय ना? ह्यांनाही वाटलं असतं."

तिनं इतक्या वेळा ह्यापुढची शांतता ऐकली होती की ती आता कशी असेल हे तिला पाठ होतं. पण ती तशी आलीच नाही. द्वारका हळू पिशवीची नाडी आवळत होती.

"हो," ती म्हणाली. "चावी कमरेलाच होती माझ्या."

बसनं हॉर्न दिला.

"नवी गाडी होती. आठवडा झाला नव्हता आणून. त्याच्या चेहऱ्याचा रंग बघितला मी जिन्यावरून, बेसिनपाशी. नव्या गाडीत कुणी गेलं म्हणजे त्या गाडीचं काय होतं, माहितीये ना." तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा कोरडा होता, त्यात माफी नव्हती, लाजही नव्हती. "म्हणून नाही दिली. मग? तू दिली असतीस?"

"मी?"

"तूच. शनिवारी शनिवारी लिंबं बांधतेस ती कुणासाठी गं? गॅलरीत मीच बसते ना?"

दिली असती. दोनच शब्द. त्याहून सोपं वाक्य जगात नव्हतं, घडवायचीही गरज नव्हती. आनंदीनं तोंड उघडलं. बॉनेटच्या पुढं, कडेला, पांढऱ्या दोऱ्यातलं लिंबू इंजिनाच्या थरथरीनं हलत असणार. दिसत नव्हतं, पण तिला ते हिरवं दिसत होतं. गोपाळकृष्ण सोडून दुसरा कुणी असता. भावजी असते. ही असती, आत्ता, निळी पडत, ह्या सीटवर, हिच्यासाठी काढलेल्या नव्या गाडीत. दिली असती. शब्द घशाशी आले आणि तिथंच बसले, रुतून, तारेच्या आकड्यासारखे. आणि त्या क्षणी तिला द्वारकेचा जितका राग आला तितका गेल्या सगळ्या वर्षांत मिळून आला नव्हता. चावी न दिल्याचा नव्हे. हे विचारल्याचा.

तिनं एसीचं बटण दाबून बंद केलं. पंखाही बंद केला. शेजारची काच उघडू न देणारं कुलूप दाबलं.

आधी काही झालं नाही. मग ऊन आत आलं, एकदम नाही, पाहुण्यासारखं, आधी पाय, मग मांड्या. मग ते मालक झालं. मोगऱ्याचा वास जड झाला. द्वारकेच्या ओठांवर थेंब उभे राहिले. तिनं तिच्या बाजूचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"काच उघड गं, ऊन लागतंय."

"बटण सापडत नाहीये, वहिनी."

द्वारकेनं तिच्याकडे पाहिलं. पूर्ण वळून, मान वळत नव्हती तर अंगानं वळून. ती नजर, जिनं दह्याचं दूध व्हायचं आणि बर्फ पळून जायचा, ती इतक्या जवळून आनंदीनं कधी घेतली नव्हती. तिच्यात काही नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला एक डोळा आणि न झालेला एक. मग द्वारका पुन्हा सरळ झाली, पाठ टेकून.

"इथंच का?" तिनं विचारलं.

"इथंच."

"किती वेळ?"

हे कुणी कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, भावजींनी नाही. आनंदीच्या चष्म्याखालून पाणी उतरत होतं, घामच होता तो. "तीन सिग्नल," ती म्हणाली.

पुढचा दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. आनंदीचा पाय सवयीनं क्लचवरून उठायला लागला.

"थांब," द्वारका म्हणाली. "हा एकच झाला."

बस गेली. स्कूटर दोन्ही बाजूंनी शिव्या देत गेल्या. दिवा लाल झाला, हिरवा झाला. गाडीच्या आत आता श्वास घ्यायचा म्हणजे तो आधी चावावा लागत होता. द्वारकेचा चेहरा विटकरी झाला होता, हातातला गजरा कडांनी तपकिरी. ती काही मागत नव्हती. आनंदीलाही आता काही उघडता येत नव्हतं; बोट कुलपावरच होतं, पण ते बोट कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं. वाहतुकीचा पोलीस रस्ता कापत आला आणि त्यानं तिच्या काचेवर काठीचं टोक वाजवलं. त्याचे ओठ हलले. काय झालं, काकू?

इंजिन चालूच होतं. चावी जागेवर, तिच्या गुडघ्याशी लोंबत होती, हाताला लागेल इतकी. आनंदी बंद काचेतून ओरडली, "चावी सापडत नाहीये!"

द्वारका हसली नाही. तिनं पदर मोकळा केला आणि वारा घ्यायला लागली, सावकाश, मनातल्या मनात मोजत असल्यासारखा; आणि त्या वाऱ्याचा अर्धा, गरम, मोगऱ्याचा, आनंदीच्या तोंडावर येत राहिला. समोर दिवा पुन्हा लाल झाला. अजून एक बाकी होता.